इंजिनातील बिघाडाचे निदान

मोटारगाडीचे इंजिन सुरू न होणे, अडखळत चालणे, अतितापणे, धूर सोडणे किंवा त्याची ओढ कमी होणे अशा लक्षणांवरून मूळ दोष क्रमाक्रमाने शोधून काढण्याच्या पद्धतीस इंजिनातील बिघाडाचे निदान असे म्हणतात. एकाच लक्षणामागे अनेक कारणे संभवतात. त्यामुळे अंदाजाने सुटे भाग बदलण्याऐवजी एकेक शक्यता चाचणीने वगळत जाणे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होय. पुढील वर्णन प्रामुख्याने पेट्रोल इंजिनाला लागू पडते.

मूलतत्त्व

पेट्रोल इंजिन चालण्यासाठी हवा व इंधन यांचे योग्य मिश्रण, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी या तीन गोष्टी आवश्यक असतात. यांपैकी नेमकी कोणती उणी आहे, हे ठरवणे ही निदानाची दिशा असते.

प्राथमिक तपासणी

बिघाड इंजिन थंड असताना जाणवतो की गरम झाल्यावर, चढावर जाणवतो की गाडी उभी असतानाही, तसेच अलीकडे कोणती दुरुस्ती झाली होती, याची माहिती प्रथम घेतली जाते. त्यानंतर इंजिन ऑइल व कूलंटची पातळी, बॅटरीची टोके, वायरी, रबरी नळ्या आणि एअर फिल्टर पाहिले जातात. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे लागते. अन्यथा वंगणाअभावी बेअरिंगे अल्पावधीत निकामी होतात. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी उसळून गंभीर भाजते. बंदिस्त जागेत इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.

इंजिन सुरू न होणे

स्टार्टर इंजिन फिरवतच नसल्यास प्रथम बॅटरी तपासतात. पूर्ण भारित बॅटरीचा विद्युतदाब स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. स्टार्टर फिरतो, परंतु इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी ठिणगी, इंधनपंपाचा दाब आणि टायमिंग बेल्ट यांची तपासणी क्रमाने होते.

दोष-संकेतांक

आधुनिक गाड्यांतील संगणक बिघाडाची नोंद संकेतांकाच्या रूपाने करतो. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ ही प्रणाली बंधनकारक झाली. भारतातही ती पुढे लागू झाली. संकेतांक लक्षण सांगतो, सदोष भाग नव्हे. उदाहरणार्थ, ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकणे. गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’. त्याचे कारण स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर किंवा झडप यांपैकी काहीही असू शकते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास पहिली व दुसरी कॉइल परस्परांत बदलून पाहतात. संकेतांक ‘पी०३०२’ झाल्यास दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजेच कॉइल सदोष ठरते. तो तसाच राहिल्यास कॉइल निर्दोष मानून हीच चाचणी प्लगबाबत केली जाते. अशा प्रकारे नवा भाग विकत न घेताच शोधाचा आवाका कमी होतो. इंजिनाचा दिवा लुकलुकत असताना गाडी दामटल्यास न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो.

धुराचा रंग

निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, काळा धूर इंधन जास्त होत असल्याचे आणि सतत येणारा दाट पांढरा धूर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असल्याचे सुचवतो. थंडीच्या सकाळी थोडा वेळ दिसणारी पांढरी वाफ मात्र स्वाभाविक असते.

दाबचाचणी

बाह्य कारणे वगळल्यानंतर सिलिंडरांचा दाब मोजला जातो. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरल्यास त्यात थोडे ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढल्यास पिस्टन रिंगांची झीज, तर न वाढल्यास झडपा किंवा हेड गॅस्केट यांतील दोष संभवतो. इंजिन उघडण्याचा खर्चिक निर्णय या टप्प्यानंतरच घेणे उचित ठरते.

पडताळणी

संकेतांक पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. पुसण्यापूर्वी त्याची व सोबतच्या माहितीची नोंद करून ठेवतात. दुरुस्तीनंतर, ज्या परिस्थितीत बिघाड जाणवत होता त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहतात. लक्षण व संकेतांक पुन्हा न आढळल्यास निदान बरोबर होते, असे मानले जाते.