ढिली धाव

वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे दृश्य आठवत असेल. एप्रिल संपत आला की बैलबंडीची चाके काढून नदीच्या डोहात, नाहीतर विहिरीजवळच्या टाक्यात आडवी बुडवून ठेवलेली असत. बंडी चालताना चाकातून कुरकुर ऐकू येऊ लागली, लोखंडी धाव लाकडावरून सरकू लागली, की हा उपाय. दोन दिवसांनी चाक बाहेर काढले की धाव पुन्हा घट्ट.

असे का होते, हा प्रश्न आम्ही शिक्षकांच्या शिबिरांत अनेकदा विचारला आहे. उत्तर जवळजवळ नेहमी एकच येते: उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावते, म्हणून धाव सैल होते. धाव तापवून चाकावर चढवण्याचे उदाहरण प्रसरणाच्याच प्रकरणात शिकवले जाते, त्यामुळे हे उत्तर ओठांवर असणे स्वाभाविक आहे. आम्हीही बरीच वर्षे तेच सांगत होतो. एकदा फळ्यावर आकडे मांडले, तेव्हा मात्र पंचाईत झाली.

समजा, चाकाचा व्यास दीड मीटर आहे. म्हणजे धावेची लांबी सुमारे ४.७ मीटर. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की लोखंडाची लांबी दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. हिवाळ्यातील सकाळ आणि मे महिन्यातील दुपार यांत ३० अंशांचा फरक धरला, तर धाव वाढते १.७ मिलिमीटर. पावणेपाच मीटरच्या घेरात दोन मिलिमीटरही नाही! एवढ्याने चाक खिळखिळे व्हायचे नाही.

आता लाकडाकडे पाहू. लाकूड सुकताना सर्व दिशांना सारखे आकसत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही. तंतूंना आडव्या दिशेने मात्र काही टक्के आकसते. चाकाच्या मध्ये तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठे, म्हणजे घेर तयार करणारे बाकदार लाकडी तुकडे, आणि सर्वांभोवती धाव. आऱ्यांचे तंतू लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे आऱ्यांची लांबी कायम राहते. पुठ्यांचे तंतू मात्र घेराच्या दिशेने जातात, म्हणजे पुठ्याची जाडी ही तंतूंना आडवी येते. ती १० सेंटिमीटर धरा आणि कोरड्या हवेत ती ३ टक्के आकसली असे समजा. त्रिज्या ३ मिलिमीटरने घटली. मग घेर घटेल ६.२८ गुणिले ३, म्हणजे जवळजवळ १९ मिलिमीटर.

हा हिशेब ढोबळ आहे. पुठे एकमेकांना टेकलेले असतात, त्यामुळे घेर इतका पुरता आकसू शकत नाही. उरलेला परिणाम आरे डुगडुगण्यात दिसतो. उलट तुंबाही आकसतो, तो आपण धरलेलाच नाही. पण निम्मा आकडा घेतला, तरी तो लोखंडाच्या प्रसरणाच्या पाचपटीहून अधिक भरतो. चाक ढिले होते ते मुख्यतः कोरड्या हवेमुळे. चाक डोहात बुडवणाऱ्या शेतकऱ्याचे निदान बरोबर होते, आमचे चुकीचे. (बाभळीच्या लाकडाचा एक तुकडा तंतूंना आडव्या दिशेने व्हर्नियर कॅलिपरने मे महिन्यात मोजून ठेवावा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजावा. वर्गाला दुसरे काही सांगावे लागत नाही.)

नुसते भिजवून भागेनासे झाले की चाक लोहाराकडे जाई. तो धाव कापून थोडी आखूड करी, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवी, चाकावर चढवी आणि लगेच पाणी ओती. तापमान ५०० अंशांनी वाढले की आपली धाव सुमारे २८ मिलिमीटर लांब होते. लाकडाने जी एक-दोन सेंटिमीटरची तूट केली, ती भरून काढायला एवढी वाढ पुरते. हे काम उन्हाळ्यातच का? शेतकऱ्याला सवड असते हे एक कारण. दुसरे कारण चाकातच आहे. पावसाळ्यात, फुगलेल्या लाकडावर चढवलेली धाव पुढच्या उन्हाळ्यात ढिली होणारच. लाकूड वर्षातले सर्वांत कोरडे असताना ती चढवली, तर पुढे पावसाळी हवेत लाकूड फुगून ती आणखी आवळली जाते. मे महिना हा लोहाराचा खरा हंगाम होता, आणि त्याला मुदतही ठरलेली होती: २५ मेच्या सुमारास रोहिणी आणि ७-८ जूनला मृग. तोवर चाके, वखर, तिफण, डवरे सारे उभे राहिले पाहिजे.

त्याच दिवसांत शेतात काय चालले असे? पराट्या उपटणे, धसकटे वेचणे, शेणखत टाकणे, धुरे नीट करणे आणि वखरणी. या सगळ्याला विदर्भात उन्हाळवाही म्हणतात. पराटी उपटणे दिसते तितके सोपे नाही. कपाशीचे सोटमूळ खोल जाते आणि जमीन सुकत गेली की मुळाला घट्ट धरून ठेवते. म्हणून तरफेसारखा वापरायचा लोखंडी चिमटा लागतो. हे काम रेंगाळले, पराटीवरच्या नख्या तशाच राहिल्या, तर त्यांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून राहते. बीटी कपाशीला ही अळी दाद देईनाशी झाली, आणि २०१७च्या हंगामात विदर्भाला त्याचा फटका बसल्यावर हे जुने काम पुन्हा सर्वांना आठवले.

वखरणीची गोष्ट अधिक लांबची आहे. वर्धा, नागपूर, यवतमाळ या भागांतील खोल काळ्या जमिनीत पूर्वी दरवर्षी नांगर चालत नसे. काही वर्षांतून एकदा नांगरट, एरवी वखराच्या पाळ्या. वखर म्हणजे आडवे लाकडी खोड, त्याला खाली दोन खुंट, त्यांत बसवलेली दीड-दोन फुटांची लोखंडी पास आणि वर हातात धरायला रुमणे. ही पास जमिनीत काही बोटेच शिरते, तण कापते, वरचा थर मोकळा करते. पश्चिमेकडून आलेल्या माणसाला ही आळशी शेती वाटे. मातीची उलथापालथ कोठे आहे, असा त्याचा प्रश्न.

ती उलथापालथ माती स्वतःच करते. बेसाल्टपासून बनलेल्या या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील चिकणमाती भरपूर असते. तिच्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ती फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगा कधी कधी मीटरभरही खोल जातात. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते; पाऊस आला की खालची माती फुगून बाजूला आणि वर सरकते. अशा जमिनींना मृदाशास्त्रात व्हर्टिसॉल म्हणतात, आणि या नावामागचा लॅटिन शब्द ‘उलटणे’ याच अर्थाचा आहे. जी कोरडी हवा चाक ढिले करते, तीच शेत नांगरून देते!

मग नांगर हवा कशाला? कुंदा, हरळी यांसारख्या गवतांची मुळे खोल जातात. ती उपटून उन्हात टाकायला नांगरच लागतो. पण बैलांची ताकद किती? बैल आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्के ओढ तासन्‌तास देऊ शकतो. सात-आठशे किलोच्या जोडीची ओढ सत्तर-ऐंशी किलो, म्हणजे तिच्या चालीचा विचार करता ढोबळमानाने एक अश्वशक्ती. आर्वीकडची गवळाऊ बैलजोडी चालायला चपळ, पण अंगाने हलकी. वखराला ती पुरेशी असते. वाळून दगड झालेल्या काळ्या जमिनीत खोल नांगर ओढायला दोन, तीन किंवा चार जोड्या लागतात. ज्याच्याकडे एकच जोडी आहे, त्याने काय करायचे?

इंग्रजी अमदानीतील शेतीखात्याला सुधारलेल्या लोखंडी नांगराचा फार उत्साह होता. १८८९ मध्ये जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनतज्ज्ञाला सरकारने हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करायला पाठवले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याने लिहिले ते अनेकांना रुचले नसावे: येथला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत त्याहून सरस आहे, आणि आहे त्या परिस्थितीत सुधारलेल्या औजारांना येथे फारसा वाव नाही. परदेशी तज्ज्ञांमध्ये असा मोकळेपणा विरळाच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात पहिला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज तेव्हा होता, आणि गिऱ्हाईक मिळायला दोनेक वर्षे गेली. हा किस्सा अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. आम्हाला त्यात एक रास्त शंकाही दिसते. लाकडी औजार मोडले तर गावचा वाढई बाभूळ किंवा धावडा तोडून नवे बसवी. वखराची पास लोहार भात्यावर तापवून पाजवी. ओतीव लोखंडाला तडा गेला तर गावच्या भात्यात तो सांधता येत नाही. सुटा भाग कारखान्यातूनच यावा लागतो. पुढे हे नांगर महाराष्ट्रभर गेले आणि त्यांनी उपयोगही सिद्ध केला. पण औजार दुरुस्तीसाठी गावाबाहेर जायला लागले, त्याची सुरुवात तेथे झाली.

हा प्रश्न पुढे वर्ध्यातच उघडपणे विचारला गेला. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत, आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालय उघडले. औजार कोणाच्या हातचे, त्याचा पैसा कोठे जातो, ते बिघडले तर कोण नीट करतो, या अंगाने तेथे विचार होई. १९५१ मध्ये कुमारप्पांनी सेलडोहला शेतीचा प्रयोगही सुरू केला. त्याच सुमारास पवनारला विनोबांनी कांचनमुक्तीच्या प्रयोगात बैलांशिवाय शेती केली आणि रहाटही माणसांनी ओढला. हा प्रयोग फार टोकाचा होता आणि सामान्य शेतकऱ्याला तो पेलणारा नव्हता, असे आमचे मत आहे. कुमारप्पांचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

कारण आता बैलच उरले नाहीत. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील गोवर्गीय नरांची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटली. ट्रॅक्टरने चार जोड्यांचे काम एका सकाळी होते, कुंदा निघतो, माणसाची पाठ वाचते. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण पाच एकरवाल्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर नसतो. काळी माती सुकली की दगड, भिजली की चिखल. मधले कामाचे दिवस थोडे, आणि सर्वांना ट्रॅक्टर त्याच दिवसांत हवा असतो.

काही वर्षांपूर्वी मेच्या अखेरीस आम्ही देवळी तालुक्यातील एका गावी होतो. भाड्याने आणलेला ट्रॅक्टर अर्ध्या शेतात उभा होता. रोटाव्हेटरच्या गिअरपेटीचे ऑइल सील गेले होते. सील म्हणजे रबराची एक कडी. किंमत फार नाही. पण गिअरपेटी उघडणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी, आणि त्याच्या दारात अशीच सहा-सात यंत्रे रांगेत. त्याने आठ दिवस सांगितले. आभाळ तर रोज दुपारी भरून येत होते.

शेतकऱ्याच्या वडिलांनी गोठ्याच्या आढ्याला टांगलेला वखर खाली काढला. पास गंजली होती, पण धड होती. खुंट मात्र खोडात लटलट हलत होते. गावात वाढई उरला नव्हता. शेजाऱ्याने एक दिवस बैलजोडी द्यायचे कबूल केले. आम्ही निघालो तेव्हा वखर गुरांच्या टाक्यात बुडवून ठेवलेला होता, आणि तरंगू नये म्हणून म्हाताऱ्याने त्याच्यावर एक मोठा दगड ठेवला होता.