पडदा काळा, तरी माहिती शाबूत
संगणक सुरू होताना चित्र न दिसल्यास काय करावे?

बटण दाबले, पंखा फिरू लागला, कॅबिनेटवरचा दिवाही लागला. पडदा मात्र काळाच. अशा वेळी घरातील पहिला प्रश्न असतो, 'आतले सगळे गेले का?' छायाचित्रे, मुलांचे प्रकल्प, सोसायटीचे हिशेब असे बरेच काही त्या यंत्रात असते. म्हणून आरंभीच सांगायला हवे, की पडद्यावर चित्र न येणे आणि माहिती नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. वीज मिळताच संगणक प्रथम स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर, मेमरी आणि चित्र दाखवणारा भाग जागेवर आहेत ना, हे तो पाहतो. त्यानंतरच तो हार्ड डिस्ककडे वळून विंडोज वाचू लागतो. उत्पादक कंपनीचे बोधचिन्हही पडद्यावर आले नाही, तर बहुधा अडचण त्या आधीच्या टप्प्यातली असते. डिस्क 'फॉरमॅट' करून ती सुटत नाही. उलट हाती असलेली माहिती मात्र जाते. बोधचिन्ह दिसून मग पडदा काळा होत असेल, तर तो आजार वेगळा. त्याचे मूळ विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये शोधावे.

आधी बाहेरून पाहा

मॉनिटरचा दिवा लागला आहे का? 'नो सिग्नल' अशी अक्षरे उमटत असतील, तर मॉनिटर ठीक आहे. त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही एवढेच. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी आणि शक्य असल्यास दुसरी लावून पाहावी. मॉनिटरवर एकाहून अधिक जोडण्या असतील, तर त्याच्या बटणांतून योग्य जोडणी निवडलेली आहे का, हेही तपासावे. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्या कार्डालाच जोडलेली हवी. काही प्रोसेसरांमध्ये चित्रनिर्मितीची सोय मुळातच नसते. तेथे मदरबोर्डाला केबल लावली, तर पडदा काळाच राहणार.

पंखा फिरत नाही आणि दिवाही लागत नाही, असे असेल तर प्रश्न विजेचा आहे. भिंतीवरील सॉकेट, यूपीएस आणि कॅबिनेटमागील छोटा स्विच क्रमाने तपासावा. वीज वारंवार जात-येत असेल, तर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, दगावण्याची शक्यता धरावी. ही पेटी घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार काही काळ राहू शकतो.

मग रॅमकडे वळा

वसई-विरारच्या पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा आहे. येथील दमट, खारी हवा विजेच्या जोडण्यांना मानवत नाही. रॅमच्या पट्टीवर आणि तिच्या खाचेत धूळ व ओल साचली की संपर्क तुटतो आणि चित्र येत नाही. उपाय बिनखर्चाचा आहे. प्लग काढून बटण काही सेकंद दाबून धरावे. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातील स्थितिक वीज घालवावी. दोन्ही टोकांच्या कड्या उघडून पट्टी बाहेर काढावी, सोनेरी कडेवरून मऊ पांढरा खोडरबर हलकेच फिरवावा, कण झटकावेत आणि 'टक्' असा आवाज होईपर्यंत पट्टी पुन्हा बसवावी. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहावी. सदोष असलेली त्यातून कळते. डीडीआर५ प्रकारची नवी रॅम बसवली असेल, तर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तेव्हा धीर धरावा.

खुणा वाचा

मदरबोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल, तर तो शिट्ट्यांमधून बिघाड सांगतो. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे चित्राच्या भागात दोष. प्रत्येक कंपनीची ही भाषा निराळी असल्याने आपल्या मदरबोर्डाची पुस्तिका पाहावी. अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि डिस्क यांसाठी चार बारीक दिवे असतात. जो दिवा पेटून राहतो, तेथे शोध घ्यावा.

एवढे करूनही चित्र न आल्यास प्लग काढून मदरबोर्डावरील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावी. त्यामुळे बायोसमधील चुकीची मांडणी पुसली जाते. यानंतर काही संगणकांत विंडोज 'बिटलॉकर'ची पुनर्प्राप्ती किल्ली मागते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा लिहून ठेवलेली आहे का, हे आधीच पाहावे.

पुराचे पाणी शिरले असेल तर

जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई, नालासोपारा आणि विरार येथील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि वीजपुरवठाही खंडित झाला. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात कॅबिनेट जमिनीवर ठेवूच नये. पाणी शिरलेला संगणक वरून कोरडा दिसला, तरी 'चालतो का पाहू' म्हणून सुरू करू नये. आत ओल असताना वीज गेली, तर वाचू शकणारे भागही जळतात. भिजलेली डिस्क घरी न लावता माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे सोपवावी.

दुरुस्तीला देताना

येथवरचे उपाय फसले, तर दोष एसएमपीएस, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमध्ये असू शकतो. ते काम तंत्रज्ञाचे. संगणक त्याच्याकडे देण्यापूर्वी डिस्क काढून घरी ठेवता येते, कारण चित्र येते की नाही हे पाहण्यासाठी तिची गरज नसते. ती ठेवून द्यावीच लागली, तर 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे. बदललेला जुना भागही परत मागावा. आणि संगणक पुन्हा सुरू झाला, की त्याच दिवशी महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी.