चाळीस दिवस

२०२० च्या मार्चमध्ये डाव्या हातावर शिक्का मारलेली माणसे दिसू लागली आणि ‘क्वारंटाइन’ हा शब्द आमच्या नंदुरबारच्या बाजारातही रुळला. शब्द मूळचा बंदरावरचा. व्हेनिसकडच्या भाषेत ‘क्वारांता’ म्हणजे चाळीस. प्लेगच्या दिवसांत बाहेरून आलेले जहाज चाळीस दिवस लांब उभे ठेवायचे, माणसांना उतरू द्यायचे नाही. त्याआधी १३७७ साली रागुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, तीस दिवसांचा नियम केला होता.

आपल्या वाट्याला हा नियम उलट्या बाजूने आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी गोदीला लागून, सगळी धान्याची गोदामे. मग मुंबईहून निघालेल्या जहाजांकडे जग संशयाने पाहू लागले. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसलाच युरोपातल्या देशांची परिषद भरली. व्यापार बुडेल या धास्तीने इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. त्याच सुमारास मुंबईहून हजला जाणारी जहाजेही बंद केली. निघणाऱ्या प्रवाशांच्या काखा आणि जांघा डॉक्टर तपासू लागले. पुण्यात पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहेच.

गंमत अशी, की सगळा पहारा माणसांवर होता. उंदीर मात्र धान्याच्या पोत्यांतून आणि दोरखंडावरून खुशाल उतरत होते. उंदरावरच्या पिसवेमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, पण बरीच वर्षे त्याचे कोणी मानले नाही. जहाजाच्या दोरखंडावर ताटासारखी पत्र्याची चकती दिसते ना, ती उंदरांसाठीच.

हे सारे मी वर्गात शिकवत असे. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग निघाला. तापी लाइनवरच्या गाड्या भरभरून येऊ लागल्या, प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. परदेशांनी भारतातली विमाने थांबवली, त्याचा आम्हाला राग आला होता. त्याच आठवड्यात माझा मावसभाऊ बायकोमुलांसह उधन्याहून दारात उभा राहिला. हा प्लेग फुफ्फुसाचा, श्वासातून पसरणारा. म्हणून भीती अगदीच खोटी नव्हती. पण मी त्यांना ओट्यावरच बसवले. चहा तिथेच दिला, कपबश्या वेगळ्या ठेवल्या. लेकरू आत यायला निघाले, तर मी दारात आडवा उभा राहिलो. संध्याकाळच्या एस.टी.ने ते गावी निघून गेले.

भाऊ नंतर अनेकदा घरी आला, जेवला, राहिला. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही. मीही नाही.