आद्य उपासनेचा शोध

झाशी म्हटले की मराठी मनापुढे किल्ल्याचा बुरूज आणि राणी लक्ष्मीबाईंची मूर्ती उभी राहते. या शहराला लागून छावणीही आहे. आणि छावणी म्हटली की इंग्रजी अमदानीतील चर्च आलेच. १० मे १८५७ रोजी मेरठला उठाव झाला तो रविवारी. त्यानंतर उत्तर हिंदुस्थानातील कित्येक छावण्यांच्या चर्चमध्ये बाकांना बंदुका ठेवण्यासाठी खाचा करण्यात आल्या. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाप्रमाणे तेथे उपासना चाले आणि पवित्र सहभागितेच्या विधीत इंग्लंडच्या राजासाठी प्रार्थना होई. गोऱ्या शिपायाला त्या शब्दांत आपले गाव भेटत असेल. पण हिंदी ख्रिस्ती माणसाला त्यांत काय भेटावे?

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रात शोधले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन यांची वाट आधीच मोकळी केली होती. अहमदनगरला आलेले इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांच्यावर टिळकांचा खोल प्रभाव पडला. पुढे १९२३ मध्ये त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्रही प्रसिद्ध केले. हिंदी चर्चला स्वतःचा उपासनाविधी हवा, असे आग्रहाने सांगणारे पुस्तक विन्स्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० मध्ये काढले. सोबत त्यांनी एका विधीचा आराखडाही दिला. त्यासाठी त्यांनी लंडनकडे न पाहता सीरियाकडे पाहिले. संत याकोबाच्या नावाने ओळखला जाणारा प्राचीन विधी त्यांनी आधाराला घेतला. मौज अशी की, हाच विधी केरळातील सीरियन ख्रिस्ती लोकांनी आपल्याच देशात जतन केला होता! मुंबईचे बिशप पामर यांच्या प्रांतात या नव्या विधीला मर्यादित अनुमती मिळाली आणि तो ‘मुंबई विधी’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

परंतु आद्य उपासना पुन्हा उभी करायची म्हणजे नेमके काय करायचे? पहिल्या पिढ्यांनी आपल्यासाठी ठरीव पोथी मागे ठेवलेली नाही. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी कळवतो की, ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. इ. स. १५० च्या सुमारास जस्टिन रविवारच्या सभेचा क्रम सांगतो : वाचन, उपदेश, उभे राहून प्रार्थना, मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी. सभेचा प्रमुख आपल्या शक्तीप्रमाणे आभाराची प्रार्थना करतो आणि लोक ‘आमेन’ म्हणतात. म्हणजे क्रम ठरलेला, शब्द मात्र मोकळे. सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातले प्रार्थनागृह उत्खननात सापडले. तेही एक राहते घर बदलून केलेले होते.

संशोधनही स्थिर राहत नाही. ‘प्रेषितांची परंपरा’ या नावाचा ग्रंथ तिसऱ्या शतकारंभीच्या रोममधील हिप्पोलिटसचा मानून त्याच्या आधारे १९६० च्या दशकात रोमन चर्चने एक नवी प्रार्थना रचली. आज अनेक अभ्यासक त्या कर्तृत्वाविषयी आणि काळाविषयी साशंक आहेत. म्हणून प्राचीनतेचे पुनरुज्जीवन ही प्रत्येक वेळी एक निवडच असते. विन्स्लो यांनीही निवडच केली. तिचे महत्त्व असे की, इंग्रजी साचा हाच ख्रिस्ती उपासनेचा एकमेव साचा नव्हे, हे तिने दाखवून दिले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारतीय चर्चने १९५० मध्ये आपला विधी तयार केला, तेव्हा शांतीचे अभिवादन एकमेकांच्या हातांत हात देऊन करण्याची प्रथा त्यात आली. तीही केरळच्या परंपरेतूनच.

जस्टिनच्या वर्णनातील शेवटचा भाग मात्र अशा योजना आखताना अनेकदा मागे पडतो. सभा संपली की, गैरहजर राहिलेल्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी पोहोचवत आणि जमलेला निधी अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी यांच्यासाठी वेचला जाई. धूप, दिवे आणि प्राचीन स्वर यांची जुळवणी सायासाने करता येईल. पण न आलेल्या माणसाच्या दारी भाकर जात नसेल, तर त्या उपासनेला आद्य म्हणण्यास जस्टिन क्वचितच तयार झाला असता.