मिठाचा उंबरठा : आयन वाहून नेणारे कृत्रिम रेणू

इतिहासप्रेमींना श्रीवर्धन ठाऊक असते ते पेशव्यांच्या भट घराण्याचे गाव म्हणून. त्या गावापुढच्या समुद्रात दर लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतला सर्वांत मोठा वाटा मिठाचा, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड या विद्युतभारित कणांचा. अशा कणांना आयन म्हणतात. माणसाच्या रक्तातही हीच जोडी प्रमुख आहे.

मात्र रक्तातले हे मीठ पेशीत आपसूक शिरू शकत नाही. ते का, याचा उलगडा १९२५ साली नेदरलंड्समध्ये होऊ लागला. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतील स्निग्ध द्रव्य वेगळे काढून मोजले आणि पेशीचे पटल त्याच्या दोन थरांचे असल्याचे सांगितले. गंमत अशी, की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. त्यांनी एकमेकींना खोडले आणि उत्तर बरोबर आले!

पाण्याची ओढ असलेला आयन हा तेलकट थर ओलांडू शकत नाही. त्यासाठी निसर्गाने पटलात प्रथिनांची दारे बसवली आहेत. क्लोराइडचे असे एक दार जन्मतः सदोष असले, तर फुप्फुसांत घट्ट चिकट स्राव साचतो. हाच सिस्टिक फायब्रोसिस. त्याचे जनुक १९८९ साली सापडले.

दार बिघडले तर माणसाला नवे करता येईल काय?

याचे बीज एका अशुद्ध रसायनात होते. चार्ल्स पेडरसन हे कोरियात जन्मलेले, डॉक्टरेट नसलेले, ड्युपाँट कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकाच्या आरंभी एका प्रयोगात त्यांना हवे होते त्याशिवाय पांढरे स्फटिकही मिळाले, तेही जेमतेम ०.४ टक्के. दुसऱ्या कुणी ते कचरा म्हणून टाकले असते. पेडरसन यांनी पाहिले, की हे स्फटिक मिथेनॉलमध्ये एरवी फारसे विरघळत नाहीत, पण सोडियमचा क्षार घालताच विरघळतात. रेणूचे कडे आयनाला पोटात घेत होते! मुकुटासारखा आकार म्हणून ‘क्राउन ईथर’ हे नाव पडले. १९६७ साली शोधनिबंध आला आणि १९८७ साली क्रॅम व लेन यांच्यासह नोबेल. याच सुमारास व्हॅलिनोमायसिन हे नैसर्गिक प्रतिजैविक पोटॅशियमला पटलापार नेते, हेही उमगले होते. पुढे १९८२ साली जपानच्या ताबुशी यांनी सायक्लोडेक्स्ट्रिनपासून कृत्रिम आयनमार्ग घडवला.

क्लोराइडकडे लक्ष वळायला उशीर झाला, आणि त्या कामात पुण्याचे नाव येते. २००६ साली स्थापन झालेल्या आयसर, पुणे येथे पिनाकी तालुकदार यांच्या गटाने मयूरिका लाहिरी यांच्या सहकार्याने २०१६ साली असे क्लोराइडवाहक रेणू सादर केले, जे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगपेशींत क्लोराइड आत नेऊन त्यांना स्वतःहून मरण्यास भाग पाडतात.

अडचण उघड आहे. असा रेणू निरोगी पेशीतही शिरेल. म्हणून २०१९ साली याच गटाने वाहकाला एक रासायनिक टोपण लावले. प्रकाश पडला की ते गळून पडते आणि मगच रेणू कामाला लागतो. औषधाच्या दुकानापर्यंतचा पल्ला अजून लांब आहे.