उंदरांवर मांजरांचा उतारा

प्लेगने हिंदुस्थानात थैमान घातले होते, त्या काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू बुकॅनन यांनी एक अगदी घरगुती उपाय पुढे ठेवला. घरोघरी मांजर पाळावे, म्हणजे उंदीर हटतील आणि उंदरांबरोबर प्लेगही हटेल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या गावांत घरांच्या मानाने मांजरांची संख्या भरपूर आहे, तेथे प्लेग फारसा फिरकत नाही, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. त्यांचे हे लेखन १९०८ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. १९०८ मध्येच जपानच्या भेटीवर गेलेले जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीही तेथे प्लेगच्या बंदोबस्तासाठी मांजरे पाळण्याचा सल्ला दिला होता.

या गोष्टीला शतक उलटून गेले, तरी उपाय मात्र तोच सुचविला जातो. किराणा मालाचा दुकानदार, गोदामाचा रखवालदार, गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी, उंदरांनी हैराण झालेला प्रत्येकजण कधी ना कधी 'एक मांजर आणून सोडा' या निष्कर्षाला येतो. प्रश्न किरकोळ नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगने पुन्हा डोके वर काढले होते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. या रोगाचे जंतू उंदरांच्या मूत्रावाटे पाण्यात मिसळतात. तेव्हा मांजराने खरोखर काय साधते, हे पाहणे आवश्यक ठरते.

प्रथम बुकॅनन यांच्या बाजूने. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा उंदरांचा त्याच्याशी नेमका संबंध कोणालाच ठाऊक नव्हता. उंदरावरील पिसवा हा रोग पसरवितात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये दाखविले. पुढे १९०५ पासून मुंबईत परळ येथे झालेल्या संशोधनातून त्यावर शिक्कामोर्तब झाले. रोग आधी गटारातील तपकिरी उंदरांत, नंतर घरातील काळ्या उंदरांत आणि शेवटी माणसांत पसरतो, असा क्रमही त्यातून उलगडला. माणसाच्या उशाशी वावरणारा होता तो काळा उंदीर. कौलांत, माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे राहणारा, अंगाने बेताचा. हा उंदीर मांजराच्या आवाक्यातला आहे. वऱ्हाडातल्या खेड्यात मांजराने त्याला दूर ठेवले असेल, तर त्यात नवल नाही. मात्र, मांजराला स्वतःलाही प्लेग होतो, ही बाब त्या वेळी पुरेशी लक्षात घेतली गेली नाही. अमेरिकेत १९७७ ते १९९८ या काळात मांजरांपासून माणसांना प्लेग झाल्याची २३ प्रकरणे नोंदली गेली आणि त्यांपैकी पाच जण दगावले.

आजच्या महानगरातला उंदीर वेगळा आहे. गटारे, कचराकुंड्या आणि तळघरे यांवर राज्य करतो तो तपकिरी उंदीर. पूर्ण वाढलेला नर सहज तीन-चारशे ग्रॅम भरतो. घूस तर त्याहून कितीतरी मोठी, किलोभर वजनाचीही आढळते. तिच्या वाटेला सहसा कोणतेही शहाणे मांजर जात नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जेम्स चाइल्ड्स यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसून आले. मांजरांनी मारलेले उंदीर बहुतांशी दोनशे ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे, म्हणजे पोरसवदा होते. प्रजननक्षम, थोराड उंदीर सुरक्षितच राहत होते. (मांजराने सकाळी दारात आणून टाकलेले सावज पुष्कळदा उंदीर नसून चिचुंद्री असते, हेही येथे सांगायला हवे. चिचुंद्री मुख्यतः किडे-झुरळे खाऊन जगते, त्यामुळे तो पराक्रम घरमालकाच्या फायद्याचा नसतो.)

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे तर निसर्गतःच एक प्रयोग घडून आला. कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या एका केंद्रात मायकेल पार्सन्स आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या एका वसाहतीचा अभ्यास करीत होते. तेथे भटकी मांजरे शिरली. संशोधकांनी कॅमेरे मांजरांकडे वळविले आणि ७९ दिवसांचे चित्रण तपासले. वसाहत सुमारे दीडशे उंदरांची. या काळात मांजरे उंदरांवर दबा धरून बसल्याचे २० प्रसंग दिसले, प्रत्यक्ष झडप तीनदाच घातली गेली आणि मारले गेले अवघे दोन उंदीर. तेही आडोशाला दडलेले असताना. मोकळ्या जागेत केलेला तिसरा पाठलाग फसला. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या अभ्यासातील दुसरे निरीक्षण अधिक उद्बोधक आहे. मांजरे आसपास असली की उंदीर उघड्यावर येणे कमी करीत आणि आडोशाला राहत. उंदीर दिसेनासे होतात, म्हणून मांजराने उंदीर संपविले अशी समजूत होते. वस्तुतः उंदीर तेवढेच असतात, फक्त भिंतीआड असतात. मांजराच्या कीर्तीचे रहस्य बहुधा यातच आहे.

मग मांजर अगदीच निरुपयोगी का? तसे नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्डचे पर्यावरणशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी शेतवाड्यांवरील मांजरांचा अभ्यास करून १९५३ मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो आजही लागू पडतो. उंदरांनी आधीच भरलेली इमारत मांजरे रिकामी करू शकत नाहीत. परंतु विष घालून उंदीर नाहीसे केल्यानंतर तेथे मांजरे ठेवली, तर नवे उंदीर बस्तान बसवू शकत नाहीत. कारण उघड आहे. परक्या जागेत शिरणारा उंदीर एकटा असतो, त्याला बिळाची वाट ठाऊक नसते आणि अनेकदा तो तरुण व लहानखुरा असतो. मांजराला हेच गिऱ्हाईक सोयीचे. मात्र, हा दरारा इमारतींच्या जवळपासच टिकतो. शिवाय मांजरांना रोज दूध मिळायला हवे, कारण खायला मिळाले नाही तर ती जागा सोडून जातात.

उपाशी मांजर अधिक शिकार करते, ही समजूत फार जुनी आहे. लंडनच्या टपाल खात्याने १८६८ मध्ये मनीऑर्डर कचेरीत तीन मांजरे नेमली, तेव्हा त्यांच्या खाण्यासाठी आठवड्याला दोन शिलिंगांची मागणी झाली होती. मंजूर झाला एकच शिलिंग. उरलेले पोट मांजरांनी उंदरांवर भरावे, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी न झाल्यास भत्त्यात आणखी कपात होईल, असा शेरा वरिष्ठांनी मारला. सरकारी काटकसर सर्वत्र सारखीच! शिकारीची ऊर्मी आणि भूक या मांजराच्या बाबतीत दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोट भरलेले मांजरही सावज दिसले की झडप घालते.

रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विंटर पॅलेसमध्ये मांजरे ठेवण्याची परंपरा १७४५ पासूनची. महाराणी एलिझाबेथने त्या वर्षी फर्मान काढून कझानहून उत्तम शिकारी बोके मागविले होते. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला, उपासमारीत शहरातील मांजरे जवळजवळ नाहीशी झाली आणि उंदरांचा सुळसुळाट झाला. वेढा फुटल्यावर यारोस्लाव्हलहून मांजरे आणावी लागली. आज हर्मिटाज संग्रहालयाच्या तळघरांत मांजरांचा मोठा गोतावळा आहे. त्यांना वेळेवर खाणे मिळते, औषधपाणी होते, चित्रदालनांत मात्र प्रवेश नाही.

विष आणि मांजर यांचा क्रम चुकला, तर काय होते हे आपल्याकडे अनेकांनी अनुभवले आहे. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी विषे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्तावून हिंडत राहतो आणि मांजराच्या तावडीत सहज सापडतो. त्याच्या यकृतात साठलेले विष मग मांजराच्या पोटात जाते. मांजर मलूल झाले, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येऊ लागले, तर पशुवैद्याकडे ताबडतोब न्यावे. व्हिटॅमिन के-१ हा त्यावरचा उतारा वेळेवर मिळाल्यास जीव वाचू शकतो. म्हणूनच जेथे विषाच्या वड्या पडल्या आहेत, तेथे मांजर सोडू नये, आणि मांजर असेल तेथे पिंजराच वापरावा.

कुत्र्याची गोष्ट निराळी. टेरियर जातीची कुत्री याच कामासाठी घडविली गेली. मांजर दबा धरते, टेरियर वास काढत बीळ उकरते, उंदराला बाहेर हुसकावते, मानेला धरून एक जोरदार झटका देते आणि खाण्यात वेळ न दवडता पुढच्याकडे वळते. थोराड उंदरालाही ते भीत नाही. 'बिली' नावाच्या कुत्र्याने १८२३ मध्ये लंडनच्या एका आखाड्यात साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारल्याची नोंद आहे. अर्थात, तो पैजांचा क्रूर खेळ होता. बंद आखाड्यात उंदराला पळायला जागा नसते, गल्लीत ती असते. न्यूयॉर्कमध्ये १९९० च्या दशकापासून काही हौशी मंडळी आपले टेरियर घेऊन रात्री गल्ल्यांतून फिरत आली आहेत. एक कुत्रा कचऱ्याच्या पिशव्यांत शिरतो, दुसरे तोंडाशी टपून बसतात. रात्रीत काही डझन उंदीर पडतात. पण कुत्रे मालकाबरोबर येते आणि मालकाबरोबर जाते. त्याचा पहारा राहत नाही.

मुंबई महापालिकेचे मूषक संहारकही वर्षानुवर्षे विजेरी आणि काठी घेऊन रात्री असेच हिंडत आले आहेत. प्रत्येकाला एका रात्रीत तीस उंदरांचे उद्दिष्ट. त्यांच्या आणि टेरियरच्या कामाला मर्यादा एकच. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सात-आठ पिले होतात आणि तीनेक महिन्यांत ती पिलेही वीण वाढवू लागतात. उंदरांची संख्या किती मारले यावर नव्हे, तर अन्न आणि आडोसा किती आहे यावर ठरते, हे डेव्हिड डेव्हिस यांनी १९४० च्या दशकात बाल्टिमोरमध्येच दाखवून दिले. खाऊगल्लीमागचे उघडे गटार तसेच ठेवले, तर रिकामी झालेली बिळे काही महिन्यांत पुन्हा भरतात.

तेव्हा मांजर ठेवायचे ते किराणा दुकान, धान्याचे कोठार, छोटे गोदाम अशा बंदिस्त जागेत, आणि तेही आधी उंदीर काढून, भिंतींतील भोके बुजवून, सांडपाण्याच्या पाइपांना जाळ्या बसवून. शिकागो येथे २०१२ पासून भटकी मांजरे नसबंदी व लसीकरण करून अशा कामासाठी दिली जाऊ लागली. नव्या जागी त्यांना आधी काही आठवडे बंदिस्त ठेवतात, नाहीतर ती निघून जातात. खाण्याची आणि निवाऱ्याची जबाबदारी जागामालकाची. आपल्याकडे भाताच्या खाचरांतून धामण आणि गव्हाणी घुबड हे काम बिनबोभाट करतात, पण चाळीच्या जिन्याखाली धामण चालवून घेणारे भाडेकरू विरळा! मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग संभवतो, त्यामुळे घरात गर्भवती स्त्री असल्यास मांजराची घाण तिने काढू नये. उंदरांमागे धावणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी, पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी.