पराक्रमाची वजावट

जांबोटीच्या एका श्रोत्यांनी मला पत्राने विचारले आहे की, राघोबादादांची गोष्ट मुलांना कशी सांगावी? अटकेपर्यंत मराठ्यांचा दरारा नेणारा वीर म्हणून, की पुतण्याच्या खुनातला आरोपी म्हणून? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. ज्याने राज्यावर मोठे उपकार केले, त्याने पुढे त्याच राज्यातील माणसांवर जुलूम केला, तर त्याला जाब विचारावा की नाही? मागच्या पराक्रमाची वजावट त्याला मिळावी की नाही?

जांबोटीकरांना या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच नदीच्या मुलखात सापडेल. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा जांबोटीच्या रानातून खानापूरकडे उतरते आणि पूर्वेकडे जाते. त्या बाजूला, बैलहोंगल तालुक्यात, बेळवडी हे गाव आहे. १६७८ च्या आरंभी कर्नाटकाच्या स्वारीहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेला बेळवडीच्या गढीने अडविले. गढी लढविणारी होती तेथील देसाईण. मराठी साधनांत तिचे नाव सावित्रीबाई येते. कानडी परंपरा तिला मल्लम्मा म्हणते. सत्तावीस दिवस तिने दाद दिली नाही. राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी या वेढ्याची बातमी मोठ्या कुतूहलाने लिहून ठेवली आहे. अखेर गढी पडली. ती घेणाऱ्या सखूजी गायकवाड नावाच्या सरदाराने हाती आलेल्या देसाईणीची विटंबना केली, तेव्हा महाराजांनी त्याचे डोळे काढवून त्याला कैदेत टाकले, असे ‘तारीख-इ-शिवाजी’ सांगते. शिक्षा भयंकर आहे, आजच्या कायद्याला ती मानवणार नाही. पण त्या हकीकतीचा गाभा शिक्षेत नाही. ‘गढी घेतली ना, मग बाकीचे जाऊ द्या’ असे तेथे कोणी म्हटले नाही, यात तो आहे.

अर्थात, सखूजीच्या डोक्यावर राजा होता. गुन्हेगार स्वतःच राज्याच्या शिखरावर जाऊन बसला म्हणजे काय होते, ते पाहावयाचे तर राघोबादादांकडेच वळले पाहिजे.

दादांचा पराक्रम खोटा नव्हता. एप्रिल १७५८ मध्ये त्यांच्या फौजा लाहोरात शिरल्या आणि मराठी पथके सिंधूकाठी अटकेपर्यंत जाऊन पोचली. त्या स्वारीने तिजोरी भरण्याऐवजी कर्जच वाढले, हेही खरे. तथापि एवढ्या दूरवर मराठ्यांची घोडी पूर्वी कधी गेली नव्हती. हे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये.

पण मिरजेची गोष्ट अटकेच्या गोष्टीइतकी सांगितली जात नाही. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावी तरुण माधवराव पेशव्यांनी घरचे युद्ध मिटावे म्हणून स्वतःला चुलत्याच्या स्वाधीन केले. सत्ता हाती येताच दादांनी माधवरावांचा पक्ष घेणाऱ्या गोपाळराव पटवर्धनांच्या मिरजेला वेढा घालून ती हिसकावून घेतली. मिरज बेळगाव-निपाणीच्या माणसाला काही परकी नाही. दुखावलेले पटवर्धन निजामाला मिळाले आणि १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले. म्हणजे एका वीराच्या सुडाची किंमत पुण्याच्या दुकानदारांनी आणि बायकामुलांनी मोजली. याबद्दल दादांना कोणी काही विचारले नाही. १७६८ त धोडपला त्यांचा पराभव करून माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले खरे. पण तो घरातला बंदोबस्त होता. चौकशी नाही, निवाडा नाही. माधवरावांसारख्या कडक पुरुषालाही चुलत्याला न्यायासनापुढे उभे करणे जमले नाही, आणि माझ्या मते पुढच्या अनर्थाचे बीज तेथेच पडले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांची हत्या केली. दादा पेशवे झाले. आता त्यांच्यावर कोण होते? सातारचा छत्रपती नामधारी. सरदार आपापला हिशेब पाहणारे. उरला एक माहुलीचा शास्त्री, ज्याच्याजवळ फौज नव्हती, जहागीर नव्हती. रामशास्त्री प्रभुणे यांनी न्यायाधीश या नात्याने चौकशी केली आणि खुद्द पेशव्यांना सांगितले की, या पातकाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. मग पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. अटकेच्या स्वारीबद्दल शास्त्रीबोवांनी त्यात एक दिवसाचीही सूट दिलेली दिसत नाही.

निवाडा झाला, पण तो बजावणार कोण? बारभाईंनी दादांना सत्तेवरून काढले. ते मुंबईकर इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. वसई म्हणजे चिमाजीअप्पांनी असंख्य माणसे खर्ची घालून पोर्तुगिजांकडून घेतलेली वसई! पुढे सात वर्षे लढाई झाली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने दादांना महिना पंचवीस हजार रुपयांची नेमणूक मिळाली. महंमद इसफ, खरकसिंग, तुळाजी पवार या हत्येतील हस्तकांना कारभाऱ्यांनी देहान्त शिक्षा दिली. ज्यांच्यासाठी त्यांनी हत्यारे उचलली ते कोपरगावी राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये तेथेच वारले.

आणखी एक जाब चुकविला गेला, तो आपल्या भाषेत. ‘धरावे’चे ‘मारावे’ केले ही कथा ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात आहे. तो फेरफार आनंदीबाईने केला, हे मात्र तो लोकांचा समज म्हणूनच सांगतो. त्या समजुतीवरून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार घरोघर रूढ झाला. पुतण्याला धरण्याचा हुकूम देणारा काका त्यातून अलगद सुटला आणि दोष बायकोच्या लेखणीला चिकटला. वास्तविक ‘धरावे’ हे अक्षर तरी कोणत्या न्यायाने लिहिले होते? गादीवरच्या पेशव्याला गारद्यांकरवी कैद करणे हाच राजद्रोह नव्हे काय? आनंदीबाई निर्दोष होती असे माझे म्हणणे नाही. पण आपल्याला आवडत्या वीराला वाचविण्यासाठी दुसरा मनुष्य लागतो, आणि तो हाताशी होता.

कोणी म्हणेल, त्या काळी याहून जास्त होणे शक्यच नव्हते. त्याच काळातले एक उदाहरण पाहा. हिंदुस्थानात इंग्रजी सत्ता घट्ट करणारा वॉरन हेस्टिंग्ज मायदेशी परतला, तेव्हा येथील जुलमांबद्दल पार्लमेंटपुढे त्याच्यावर खटला झाला. १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे तो चालला. हेस्टिंग्ज सुटला, आणि इंग्रजांचे येथील राज्य काही त्यामुळे सौम्य झाले नाही. तरी साम्राज्याच्या नायकाला आरोपी म्हणून उभे राहावे लागले, साक्षी झाल्या, कागद पुढे आले. आमच्याकडे पुरावा गोळा झाला, निकालही लागला. आरोपी तेवढा कोणापुढे उभा राहिला नाही. शिक्षा भोगली ती हस्तकांनी, आणि काही अंशी विधवेने व अजाण मुलांनी, जी पुढे कित्येक वर्षे पहाऱ्यात वाढली. त्यांतलाच बाजीराव १७९६ त पेशवा झाला. पहाऱ्यात वाढलेल्या मुलाने राज्यकारभार कोठून शिकावा?

तेव्हा जांबोटीच्या श्रोत्यांनी मुलांना लाहोर अवश्य सांगावे. मात्र त्याच बैठकीत मिरजही सांगावी, शनिवारवाडाही सांगावा. रामशास्त्र्यांना बारभाईंनी सन्मानाने परत बोलावले, आणि १७८९ त देह ठेवीपर्यंत ते न्यायाधीश होते. त्या वर्षांत सावकारांचे, वतनदारांचे, भाऊबंदांचे कित्येक कज्जे त्यांच्यापुढे आले. दादांचा खटला मात्र त्यांच्यापुढे पुन्हा आला नाही.